शिरूर आलं की उठवा

माणसानं झोपावं, पण इतकं निर्लज्जपणे झोपावं?

उज्वलाला पहिल्या दिवशी हाच प्रश्न पडला. डिसेंबरची सकाळ, सव्वाआठची वेळ आणि धुई इतकी की पुढचा रस्ता दिसेना. मुखेड–लातूर एसटी जांबच्या अलीकडं सबस्टेशनच्या फाट्यावर थांबली. एक उंचपुरा माणूस चढला. गळ्यात मफलर, हातात रिकामा डबा. वाहकाच्या सीटमागं बसला, शिरूर ताजबंदचे पैसे उज्वलाच्या हातावर ठेवले, "ताई, शिरूर आलं की उठवा" म्हणाला आणि... तिकीट मशीनमधून बाहेर यायच्या आत झोपला!

"तिकीट घ्या."

काही नाही.

"अवो, तिकीट घ्या म्हणते!"

छे. गाडी खड्ड्यांतून अशी उडत होती की मागच्या सीटवरच्या म्हातारीनं दोन्ही हातांनी दांडा धरला होता, आणि हा गृहस्थ खिडकीच्या थंडगार काचेला गाल टेकून लहान लेकरासारखा झोपलेला. शेवटी उज्वलानं ते तिकीट त्याच्या मफलरच्या घडीत खोचलं. संगप्पा ड्रायव्हरनं आरशातून बघितलं आणि मिशीत हसला. तिला आणखीच राग आला.

राग येणार नाही तर काय होईल! दोन हिवाळे झाले, या पोरीला धड झोप नव्हती. रात्री अंथरुणावर पडायचं, आढ्याकडं बघायचं, या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचं आणि पाच वाजता उठून वेणी घालून, खाकी चढवून मुखेडचा डेपो गाठायचा. आणि झोप येत नाही म्हटल्यावर आपल्याकडं माणसं गप्प बसतात होय? काकूनं दुधात जायफळ उगाळून दिलं. मामानं तळपायाला एरंडेल चोळायला सांगितलं. शेजारणीनं उशाखाली कात्री ठेवली, ती रात्रभर टोचत राहिली. आणि हे सगळं करून झालं की सगळे एकाच मुक्कामावर यायचे.

"साखराबाई, पोरीचं लग्न करून टाका. लग्न झालं की झोप येती."

आईही मान डोलवायची. उज्वलाच्या मस्तकात जायचं. नवरा म्हणजे काय मेडिकलमधली गोळी आहे? तिच्या दोन मैत्रिणींची लग्नं झाली होती. एकीचं बाळ रात्रभर रडत होतं, दुसरीचा नवरा असा घोरायचा की म्हैस बिचकून उठायची. त्यांच्या झोपेचं कुणी विचारलं का कधी?

शिरूर आलं. तिनं मशीन सीटच्या दांड्यावर ठण्‌कन आपटलं.

"उतरा! शिरूर!"

तो दचकून उठला, गळ्यातलं तिकीट बघितलं, हसला. गालावर काचेचा गारवा लाल उमटला होता.

"लई मेहरबानी, ताई."

"मी काय अलार्म हाय का?"

"न्हाई... अलार्म इतका रागावत न्हाई." आणि टुण्‌कन उतरला. बघा आता!

त्याचं नाव सुदर्शन. हे तिला आठवड्यानं कळलं, तेही त्यानंच सांगितलं, जांभई देता देता. रोज तोच फाटा, तीच सीट, तेच वाक्य. रोज ती ठणकावून उठवायची आणि रोज तो काहीतरी बोलून उतरायचा.

"आज लवकर उठवलंत वाटतं?"

"वेळेवरच उठवलंय. झोप कमी पडली असंल तर लातूरला चला, स्टँडवर बाकडी लई हायत."

"तुम्ही न्हाई झोपत का कधी? डोळे तर बगा... सुजलेत."

"माझ्या डोळ्यांकडं बघायला तिकीट काढलंय काय तुम्ही?"

पुढून संगप्पा काका खाकरायचे. म्हातारा पक्का होता. तीस वर्षं गाडी चालवून त्याला रस्त्यापेक्षा आरशातलंच जास्त दिसायला लागलं होतं.

पण सुजलेल्या डोळ्यांचं खरं होतं. एका रजेच्या दिवशी उज्वला कात्री शेजारणीच्या अंगणात ठेवून थेट सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "दिवसात चहा किती?" उज्वलानं बोटं मोजली. मुखेड, जांब, शिरूर, चाकूर, लातूर आणि परतीचे तेवढेच. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"दुपारी दोननंतर चहा बंद. मोबाईल अंथरुणापासून लांब. दुपारची डुलकी नको. रोज एकाच वेळी उठायचं, सुट्टी असली तरी. आणि वीसेक मिनिटं झोप आली नाही, तर पडून कूस बदलत बसायचं नाही. उठायचं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं काम करायचं, पेंग आली की परत आडवं व्हायचं. अंथरूण हे काळजी करायची जागा नाही."

उज्वलानं तीन आठवडे सगळं इमानानं केलं. चहा सोडला तर पहिले चार दिवस डोकं नुसतं ठणकत होतं. पण फरक पडला! साडेदहाला डोळा लागायला लागला. आणि... बारा वाजता टक्क उघडायला लागला. रोज. बाराच्या ठोक्याला.

"बाराला काय होतं तुमच्याकडे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"लाईट येती," उज्वला म्हणाली. "शेतीची. रात्री बारा ते सकाळी आठ. बाबा पाणी द्यायला शेतात जातेत."

आणि मग तिनं सगळं सांगून टाकलं. दोन हिवाळ्यांपूर्वी किशनराव, म्हणजे तिचे बाबा, असेच रात्री हळदीला पाणी द्यायला गेले. ओल्या हातानं मोटारीच्या स्टार्टरला हात लावला, झटका बसला आणि बांधावर पडले ते सकाळी सातला सापडले. जीव वाचला. डाव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडीच राहिली. त्या रात्री उज्वला गाढ झोपली होती. घरात सगळ्यात गाढ.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमची झोप बिघडलेली नाही. तुम्ही पहारा देताय. गोळी दिली तर पहारेकरी गुंगीत पहारा देईल, एवढंच. हा पहारा कुणाकडे तरी सोपवा."

कुणाकडे सोपवणार? आई दम्यानं बेजार. बाबांना फोन लावला तर ते कट करायचे. "झोप की गं! फोन काय करून राहिलीस?" की झाला बंद. उज्वला दवाखान्यातून निघाली ती संतापूनच. औषध सांगतात ते असं, जे कुठल्याच दुकानात मिळत नाही!

आणि दुसऱ्याच दिवशी तो प्रकार घडला.

गाडी फाट्यावरून निघाली होती. सुदर्शन नेहमीप्रमाणे झोपायच्या बेतात होता, एवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं उचलला आणि पलीकडचा आवाज अर्ध्या गाडीनं ऐकला.

"अवो ऑपरेटर! रात्री दोनदा लाईट गेली तुमची! अंधारात मोटारीपर्यंत हेलपाटे कुणी मारायचे? तुमच्या आज्यानं?"

"हाव, किशनराव काका... लाईन ट्रिप झाली हुती. लावली की लगेच."

"लाज वाटती का कायतरी? चल, ठेव!"

उज्वलाच्या हातातलं मशीन तसंच राहिलं. बाबांचा आवाज तिला कळणार नाही?

"तुम्ही... सबस्टेशनला ऑपरेटर हायत?"

"हाव. रात्रपाळी. बारा ते आठ."

"म्हणजे बाराला लाईट तुम्ही सोडता!"

"मीच सोडतो." आणि डोळे मिटत, किती सहज, "ताई, आज शिरूरला नक्की उठवा हां. लई महत्त्वाचं काम हाय..." घोरायला लागला सुद्धा.

आता तुम्हीच सांगा. ज्या माणसाच्या एका बटणानं आपला बाप थंडीत, सापाविंचवात, ओल्या मातीत उभा राहतो, ज्याच्यामुळं आपल्या डोळ्याला डोळा लागत नाही, तो माणूस सकाळी आपल्याच गाडीत येऊन ढाराढूर झोपतो आणि वर आपण त्याला उठवायचं? उज्वलाची कानशिलं तापली.

शिरूर आलं. चार माणसं उतरली, सहा चढली. संगप्पा काकांनी आरशातून बघितलं, भुवई उंचावली. उज्वलानं दोरी ओढली. टण टण! गाडी निघाली. झोपा म्हणावं, खुशाल झोपा.

चाकूर गेलं. पठ्ठ्या हलला नाही. पावणेअकराला लातूरच्या स्टँडवर गाडी रिकामी झाली, तेव्हा कुठं त्यानं डोळे उघडले, खिडकीबाहेर बघितलं, फोन काढला. आईचे सतरा मिस्ड कॉल.

"आलो की हो लातूरला..."

"आलात!" उज्वला कमरेवर हात ठेवून उभी होती. भांडायची पूर्ण तयारी. "न्हाई उठवलं. मुद्दाम न्हाई उठवलं. काय करायचं ते करा, तक्रार वहीत लिहा!"

"दहाला मुलीकडचे मला बघायला येणार हुते," तो म्हणाला. "पाव्हणे घरी येऊन बसलेत. न्हाई... आता उठून गेले असतील."

अगं बाई! उज्वलाचे हात कमरेवरून आपोआप खाली आले. इतकं काही तिला करायचं नव्हतं. तेवढ्यात त्याचा फोन परत वाजला. आईचा आवाज एवढा चढला होता की त्यानं तो कानापासून हातभर लांब धरला. पाव्हणे चहा न घेता उठले होते. 'असला झोपाळू जावई नको' म्हणाले होते.

फोन ठेवून तो तिच्याकडं बघायला लागला. चिडलेला दिसेना. उलट ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं.

"चहा घेऊ का जरा?" तो म्हणाला. "दोन वाजायचेत अजून. तुम्ही दोननंतर पीत न्हाई ना."

हे याला कसं माहीत? झोपेत कान उघडे ठेवतो की काय?

स्टँडच्या कोपऱ्यावर शरणप्पाच्या टपरीत वाफाळता चहा हातात आला आणि उज्वलानं एका दमात सगळं सुनावलं. किशनराव आपलेच बाबा हे, स्टार्टर, बांध, सकाळचे सात, वाकडी बोटं, बाराचा ठोका, बाबांनी कट केलेले फोन. "दिवसा का न्हाई देत लाईट? शेतकरी काय घुबड हाय? ऑफिसातल्या पंख्याला दिवसा मिळती, आमच्या मोटारीला रात्री! आणि तुम्ही बटण दाबून येता आन् झोपता!"

तो ऐकत राहिला. त्याचा चहा गार झाला.

"वेळापत्रक वरून येतं," शेवटी तो हळूच म्हणाला. "माझ्या हातात फक्त बटण हाय. पण रोज रात्री रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात लिहितो मी... 'शेतकऱ्यांना दिवसा वीज द्यावी.' दोनदा साहेबानं बोलावून झापलं. म्हणे, शेऱ्याचा रकाना भाषण द्यायला न्हाई. तरी लिहितो."

ती बघतच राहिली. त्याचे डोळेही सुजलेलेच होते. इतके दिवस मिटलेलेच बघितले, म्हणून दिसले नव्हते.

"काका तुमचा फोन कट करतेत ना? माझा उचलतेत. पहिल्या रिंगला. ऑपरेटरचा फोन कुठला शेतकरी कट करतो? लाईट जाते का येते, जीव टांगलेला असतो." तो जरा थांबला. "आजपासून दर तासाला मी फोन लावतो त्यांना. एकला, दोनला, तीनला... घरी पोचेपर्यंत. उचलला न्हाई, तर त्याच मिनिटाला तुम्हाला उठवतो आन् लाईन बंद करतो. तुमचा फोन वाजला न्हाई, म्हणजे बाबा बरे हायत. तुम्ही झोपा. मी जागाच हाय की... मला तर जागायचा पगार मिळतो."

"का पण?" उज्वलाचा आवाज उगीचच चढला. डोळ्यांत पाणी आलं की तिचा आवाज चढायचा. "तुम्हाला काय पडलंय?"

"तुम्ही रोज मला उठवता. मी तुम्हाला झोपा म्हणलं तर कामून एवढा राग?"

परतीच्या गाडीत तो शिरूरपर्यंत बसून होता, टक्क जागा. उतरताना म्हणाला, "येतो." नुसतं 'येतो'. पुढं 'ताई' नव्हतं. संगप्पा काकांनी विनाकारण हॉर्न वाजवला.

पहिल्या रात्री तिनं विश्वास ठेवला नाही. फोन छातीवर ठेवून बारापासून जागीच. एक वाजला, दोन वाजले, फोन गप्प. सकाळी त्यानं गाडीत हिशेबशीर बातमी दिली.

"एकला काका म्हणले, लाईट जानार का? म्हणलं न्हाई, उगं केला फोन. शिव्या दिल्या. दोनला विचारलं, हळदीला पाणी पोचलं का. परत शिव्या."

"आन् तीनला?"

"तीनला तेच म्हणले... 'जेवलास का रं, लेकरा?'"

उज्वलानं तोंड फिरवलं आणि मागच्या सीटवर नसलेल्या माणसाला तिकीट विचारलं.

दुसऱ्या रात्री तिला दोनपर्यंत जाग होती. तिसऱ्या रात्री बाराला डोळा उघडला. मोटारीची घरघर ऐकू आली आणि तिला वाटलं, तिकडं सबस्टेशनात पिवळ्या दिव्याखाली मफलर गुंडाळून कुणीतरी घड्याळाकडं बघत बसलंय. आपल्या जागी. तिनं कूस बदलली आणि पुढचं तिला काही आठवत नाही.

चौथ्या रात्री तर बाराही ऐकू आले नाहीत. एक नाही, पाच नाही. ती उठली तेव्हा ऊन अंथरुणावर आलं होतं आणि घड्याळात साडेनऊ! किशनराव ओसरीवर बसून आईला दटावत होते, "भांडी घासू नकोस म्हणलं ना आत्ता! पोर झोपलीय." डेपोतून कंट्रोलरचे सहा फोन येऊन गेले होते. सहाही तिला ऐकू आले नव्हते. तिची गाडी दुसरा वाहक घेऊन गेला. नोकरीत पहिल्यांदाच तिला मेमो मिळाला आणि तो हातात घेऊन पोरगी खुदकन हसली. कंट्रोलर बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सबस्टेशनच्या फाट्यावर सुदर्शन चढला. डोळे तांबडेलाल.

"काल शिरूरला उतरलात का नीट?" तिनं विचारलं. "दुसरा कंडक्टर हुता. उठवलं का त्यानं?"

"उठवायला झोपायला तर पायजे. काल मी झोपलोच न्हाई."

"तुम्ही? न्हाई झोपलात?"

"घरी पण न्हाई झोपत मी. भिंतीला लागून पिठाची गिरणी, दिवसभर घरघर. आन् ड्यूटीवर डोळा मिटायची चोरी. तीन वर्षं झाली रात्रपाळीला... माझी झोप म्हणजे हा फाटा ते शिरूर, एवढीच." त्यानं मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "आधी दुसऱ्या गाडीनं जायचो. तिथं न्हाई लागायची. उतरायचं राहील म्हणून जीव धडधड करायचा. या गाडीत तुम्ही हुतात. पहिल्याच दिवशी वाटलं, ही बाई रागानं का होईना, पण उठवणार... तुमच्या भरवशावर झोपत हुतो मी, उज्वला."

नाव. पहिल्यांदाच. गाडीत चाळीस माणसं होती. म्हातारी सुद्धा दांडा सोडून ऐकत होती.

उज्वलाचे कान गरम झाले. काहीतरी झणझणीत बोलायचं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते भलतंच, हळू, तिचं तिलाच जेमतेम ऐकू येईल असं.

"मी पण... परवाच्याला. तुमच्याच भरवशावर."

धुईतून ऊन उतरायला लागलं होतं, रस्त्याकडेच्या हरभऱ्यावर दव चमकत होतं.

"रविवारी तुमच्या घरी यावं म्हणतो," सुदर्शन म्हणाला. "आईला घेऊन. बघायला."

"रोज बघता की!"

"कुठं? डोळे मिटलेले असतेत माझे."

संगप्पा काका आरशात इतके रंगले होते की गाडी खड्ड्यातून गेली. सगळे हसले. पण उज्वला हसली नाही. तिचं बोट एकदम वर झालं, नाकाचा शेंडा लाल झाला.

"थांबा! या, पण एक गोष्ट आधीच सांगते. आमच्याकडं काकू हाय, मामा हाय, कात्रीवाली शेजारीण हाय. ते सगळे आता म्हणणार, बघ, म्हणलं नव्हतं? लग्न ठरलं आन् झोप आली! त्यातलं एक जरी माणूस तसं बोललं ना, तर मी मांडवातून उठून सरळ ड्यूटीवर जाईन. लग्नानं न्हाई आली मला झोप. माझ्या बापासाठी कुणीतरी जागं राहिलं, म्हणून आली. आधी झोप आली, लग्न मागून. हे मान्य असंल तरच या!"

"मान्य," सुदर्शन म्हणाला. "लिहून देऊ?"

"द्या. शेऱ्याच्या रकान्यात."

आता मात्र तिलाही हसू आवरेना. तिनं तिकीट फाडलं, त्याच्या हातात दिलं नाही, पहिल्या दिवसासारखं मफलरच्या घडीत खोचलं. बोटं तिथं जरा जास्तच वेळ राहिली.

त्यानं काचेला गाल टेकला. डोळे जड झाले होते.

"शिरूर आलं की..."

"उठवते," ती म्हणाली. "झोपा."